संमोहनयुक्त बोधनिक वर्तनोपचार

संमोहनावस्थेतील सूचनांचे साहाय्य घेऊन रुग्णाच्या विचारपद्धतीत व वर्तनात बदल घडवून आणणारी मानसोपचाराची एक संयुक्त पद्धती. भयगंड, तीव्र भीतीचे झटके, चिंता, सौम्य व मध्यम अवसाद, निद्रानाश, दीर्घकालीन वेदना, तसेच कर्करोगादी विकारांवरील उपचारांतून उद्‌भवणारा थकवा इ. तक्रारींवर ती वापरतात. तिचे दोन घटक सारख्या वजनाचे नाहीत. बोधनिक वर्तनोपचार हा स्वतंत्र व स्वयंपूर्ण उपचार असून संमोहन हे त्यास जोडले जाणारे साधन होय. उपचारासाठी येणाऱ्या व्यक्तीची अपेक्षा मात्र बहुधा याच्या उलट असते. तज्ज्ञाने आपणास झोपवावे, मनातील भीती काढून टाकावी आणि जागे करावे, अशी तिची कल्पना असते. प्रारंभीच्या एक-दोन बैठकींतील बराच वेळ ही कल्पना दुरुस्त करण्यात खर्च होतो आणि तो वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

संमोहन म्हणजे निद्रा नव्हे. संमोहित व्यक्तीचे अवधान एका गोष्टीवर केंद्रित झालेले असते, आजूबाजूच्या गोष्टींचे भान कमी झालेले असते व सूचनेस प्रतिसाद देण्याची तिची क्षमता वाढलेली असते. तिला बोललेले ऐकू येते, बहुतेक वेळा नंतर ते आठवतेही आणि नको असलेली सूचना ती नाकारू शकते. पुस्तकात गढलेल्या वाचकास हाक ऐकू न येणे, ही रोजच्या अनुभवातील या अवस्थेच्या जवळची स्थिती होय. ही क्षमता सर्वांत सारखी नसते. आंद्रे वाइत्सेनहोफर व अर्नेस्ट हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेल्या मापनश्रेणींवरून असे दिसते, की साधारणपणे दहा ते पंधरा टक्के व्यक्ती अतिशय संमोहनक्षम असतात, जवळजवळ तितक्याच व्यक्ती फारसा प्रतिसाद देत नाहीत आणि उरलेल्या बहुसंख्य व्यक्ती मधल्या गटात मोडतात. या क्षमतेचा बुद्धीशी किंवा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही.

संमोहनाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा कोकणपट्टीतून निघतो. फ्रांट्‌स आंटोन मेस्मर (१७३४–१८१५) याने व्हिएन्ना व नंतर पॅरिस येथे आपल्या शरीरातील ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोगी बरे करण्याचा दावा केला. बेंजामिन फ्रँक्लिन व लव्हाझ्ये यांचा समावेश असलेल्या राजनियुक्त समितीने १७८४ मध्ये असे कोणतेही चुंबकत्व अस्तित्वात नसल्याचा निर्वाळा दिला. परिणाम घडतो तो कल्पनाशक्तीमुळे, असे तिचे मत पडले. कल्पनाशक्तीमुळे घडतो म्हणजे नेमका कसा, या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो गोव्यातील बारदेश तालुक्यातील कांदोळी येथे जन्मलेल्या जुझे कुस्तोदियो द फारिया ऊर्फ आबे फारिया (१७५६–१८१९) या धर्मोपदेशकाने. पॅरिसमध्ये १८१३ पासून त्याने जाहीर प्रयोग सुरू केले. माणसास आरामात बसवून नजर स्थिर करावयास लावायची आणि मग झोपण्याची आज्ञा द्यायची, एवढीच त्याची रीत होती. संमोहकाच्या अंगी कोणतीही गूढ शक्ती नसते, घडते ते संमोहिताच्या स्वतःच्या मनात व त्याच्या सहकार्याने, हे त्याचे प्रतिपादन १८१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी तो मरण पावला. त्याच्या हयातीत त्याची टवाळीच अधिक झाली. नान्सी येथील बेर्नेम प्रभृतींनी सूचनेचा सिद्धांत मांडल्यावर त्याचे महत्त्व ध्यानी आले. पणजी येथे जुन्या सचिवालयाजवळ १९४५ साली उभारलेला त्याचा पुतळा प्रसिद्ध आहे. परंतु संमोहन करणारा पुरुष समोरच्या स्त्रीवर हात उगारून उभा आहे, असे त्यातील दृश्य फारियाच्या सिद्धांतापेक्षा लोकांच्या मनातील संमोहनाच्या चित्राशीच अधिक जुळते.

बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल (१८०८–५९) या शल्यविशारदाने १८४५ पासून मेस्मरच्या पद्धतीने वेदनाहरण करून शेकडो शस्त्रक्रिया केल्या. क्लोरोफॉर्मचा प्रसार होताच ही पद्धत मागे पडली. जेम्स ब्रेड (१७९५–१८६०) याने १८४३ मध्ये रूढ केलेली इंग्रजी संज्ञा ‘निद्रा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावर आधारलेली आहे. हे नाव दिशाभूल करणारे असल्याचे पुढे त्यालाच जाणवले. त्याने ते बदलू पाहिले, परंतु तोवर ते रुळले होते. मराठीतील ‘संमोहन’ हा शब्दही निर्दोष नाही. त्यास मोहिनी व वशीकरण यांची छटा चिकटलेली असून रुग्णाच्या मनातील निम्मी भीती या शब्दानेच उत्पन्न होते.

बोधनिक बाजूचा उगम याहून अर्वाचीन आहे. फ्रॉइड यांनी संमोहनाचा त्याग करून ⇨ मनोविश्लेषणाची वाट धरली. त्या दीर्घ व खर्चिक पद्धतीविषयी असमाधानी झालेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धतीस प्रारंभ केला. घटनेमुळे भावना निर्माण होत नाही, तर घटनेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनामुळे होते, हे तिचे मुख्य सूत्र. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० नंतरच्या दशकात अवसादग्रस्तांच्या विचारांतील ठराविक विपर्यास शोधून काढले व ते तपासण्याची पद्धत बसविली. या विचारांना वर्तनचिकित्सेतील क्रमशः सामोरे जाण्याच्या तंत्राची जोड मिळून आजचा बोधनिक वर्तनोपचार सिद्ध झाला. एलिस यांची पद्धती महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय कि. मो. फडके यांना दिले जाते. त्यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला, तसेच ‘विवेकनिष्ठ’ ही संज्ञा मराठी वाचकांच्या परिचयाची केली. ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या मानसिक आरोग्यविषयक संस्थेच्या कार्यातही या विचारसरणीस मोठे स्थान आहे. एलिस यांनी स्वतः काही रुग्णांच्या बाबतीत संमोहनाचा उपयोग केला होता, परंतु त्यावर सर्व भिस्त ठेवली नाही.

उपचाराचे प्रत्यक्ष स्वरूप एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. रत्नागिरीत नोकरी करणाऱ्या चाळिशीतील एका लिपिकास एस. टी. ने कोल्हापूरला जात असता आंबा घाटात एकाएकी छातीत धडधड झाली, घाम फुटला, श्वास अपुरा पडू लागला व आपण आता मरणार असे वाटले. हृदयाची तपासणी निर्दोष निघाली. पुढच्या प्रवासात पुन्हा तसेच झाले. मग त्याने घाटातील प्रवास टाळला. हळूहळू हातखंब्याच्या पलीकडे जाणेच त्याने सोडून दिले. घरच्यांनी देवापुढे गाऱ्हाणे घातले, भगताकडे विचारणा केली. येथे विकार टिकवून धरणाऱ्या गोष्टी दोन आहेत. धडधड झाली की ‘हा हृदयविकाराचा झटका’ असा विचार मनात येतो, त्या विचाराने भीती वाढते व भीतीने धडधड आणखी वाढते, हे एक चक्र. दुसरे असे, की प्रवास टाळल्याबरोबर सुटल्यासारखे वाटते, त्यामुळे टाळण्याची सवय पक्की होते आणि झटका आपोआप ओसरतो हे अनुभवण्याची संधीच मिळत नाही.

असा उपचार साधारणपणे आठ ते सोळा बैठकींचा, आठवड्यास एक, सुमारे तासाभराच्या बैठकीचा असतो. पहिल्या बैठकींत सविस्तर मुलाखत होते. पूर्वीचे आजार, चालू औषधे, झोप, मद्य, घरातील कोणास मनोविकार होता काय, आत्महत्येचे विचार येतात काय, हे प्रश्न विचारले जातात. ते न विचारता पहिल्याच दिवशी संमोहन सुरू करणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहणे इष्ट. त्यानंतर रुग्ण व उपचारक मिळून वरील चक्र कागदावर मांडतात आणि प्रसंग, त्या वेळचा विचार, भावना, विचारास असलेला पुरावा व पर्यायी विचार अशी नोंदवही रुग्णाने घरी ठेवावयाची असते. या घरच्या कामाला कंटाळून उपचार सोडणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

संमोहनास सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून आरंभ होतो. रुग्ण खुर्चीत टेकून बसतो, डोळ्यांच्या पातळीहून किंचित वरच्या एखाद्या बिंदूवर नजर स्थिर करतो. पापण्या जड झाल्यावर डोळे मिटतो. पायांपासून डोक्यापर्यंत एकेक स्नायुगट सैल सोडण्याच्या सूचना, नंतर अंकगणना किंवा पायऱ्या उतरत असल्याची कल्पना आणि मग रुग्णाने स्वतः निवडलेल्या सुखद स्थळाचे चित्र, असा क्रम असतो. परदेशी पुस्तकांतून समुद्रकिनाऱ्याचे चित्र जवळजवळ ठरलेले असते. ते जसेच्या तसे कोकणात वापरणे धोक्याचे आहे. ज्या घरातील माणूस समुद्रात गेला त्या घरातील रुग्णास भाट्याच्या किनाऱ्यावर मनाने नेऊन शांत करता येत नाही. भाषेचेही तसेच आहे. छापील मराठीतील सूचनांपेक्षा रुग्णाच्या घरच्या बोलीतील सूचना अधिक लागू पडतात आणि वडीलधाऱ्या रुग्णास ‘तुम्ही’ म्हणूनच सूचना द्यावी लागते. एकेरी आज्ञेने तो मनातून दूर सरतो.

या अवस्थेत अंग जड किंवा तरंगल्यासारखे वाटणे, काळ लवकर सरल्याचा भास होणे, डोळ्यांत पाणी येणे हे अनुभव सर्वसाधारण आहेत. काहींना काहीच विशेष जाणवत नाही व ‘मी संमोहित झालोच नाही’ अशी ते तक्रार करतात. संमोहनाची खोली व उपचाराचे यश यांचे नाते मर्यादित असल्याने तेवढ्यावरून निराश होण्याचे कारण नसते. वरील लिपिकास या स्थितीत घाटातील प्रवास टप्प्याटप्प्याने कल्पनेत करावयास लावतात : प्रथम रत्नागिरीच्या बसस्थानकावर बसणे, मग हातखंबा, पाली, साखरपा व शेवटी घाटातील वळणे. प्रत्येक टप्प्यावर धडधड सुरू झाल्याची कल्पनाही तो करतो आणि नोंदवहीत सिद्ध झालेला पर्यायी विचार (‘ही धडधड भीतीची आहे, ती वाढेल व ओसरेल’) मनाशी म्हणतो. अंगठा व तर्जनी जुळविणे यांसारखी एखादी खूणही शिकविली जाते, जेणेकरून पुढे ती करताच शिकलेली शांत स्थिती आठवावी. बैठकीच्या शेवटी उलट अंक मोजून त्यास पूर्ण सजग केले जाते. थोडी गुंगी राहिल्यास लगेच वाहन चालवू नये. घरी रोज दहा-पंधरा मिनिटे आत्मसंमोहनाचा सराव करावा लागतो व त्यासाठी उपचारकाच्या आवाजातील ध्वनिमुद्रण दिले जाते.

कल्पनेतील प्रवासाने काम संपत नाही. प्रत्यक्ष बसने हातखंबा, दुसऱ्या आठवड्यात पाली, असे करीत घाट ओलांडल्याखेरीज भयगंड जात नाही. येथेच या संयुक्त पद्धतीतील एक अवघड जागा आहे. अंगठा-तर्जनीची खूण करून रुग्ण धडधड दाबून टाकू लागला, तर ‘ही खूण केली म्हणून मी वाचलो’ असा नवा समज त्याच्या मनात रुजतो. खिशातील अंगारा आणि ही खूण यांत मग फरक राहत नाही. म्हणून भीतीच्या झटक्यांत संमोहनाचा उपयोग लक्षणे बंद पाडण्यासाठी न करता ती सोसण्याची तयारी वाढविण्यासाठी करावा लागतो आणि उपचाराच्या उत्तरार्धात रुग्णास खूण न करता प्रवास करावयास सांगितले जाते. केवळ संमोहन शिकलेल्या व बोधनिक वर्तनोपचाराचे प्रशिक्षण नसलेल्या उपचारकाच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नाही.

संमोहनाची जोड दिल्याने कितपत अधिक लाभ होतो, याविषयी बरेच संशोधन झालेले आहे. अर्व्हिंग किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून हा लाभ लक्षणीय असल्याचे म्हटले. यातील लठ्ठपणाविषयीच्या अभ्यासांची आकडेमोड पुढे इतरांनी तपासली, तेव्हा त्यात चुका निघाल्या व त्या विकारापुरता लाभ पुष्कळच कमी असल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट यांनी आघातानंतरच्या तीव्र ताणविकृतीच्या ८७ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात (२००५) संमोहनाची जोड मिळालेल्या गटात आघाताचे प्रसंग पुन्हापुन्हा अनुभवण्याचे प्रमाण उपचार संपताना कमी होते. सहा महिन्यांनंतर मात्र संमोहनासह व संमोहनाविना बोधनिक वर्तनोपचार घेतलेल्या गटांत फरक उरला नाही आणि दोन्ही गट केवळ आधारात्मक समुपदेशन मिळालेल्या गटापेक्षा बरे होते. कॅनडातील आसेन अलादिन यांनी ८४ अवसादग्रस्तांवर सोळा आठवडे केलेल्या अभ्यासात (२००७) संयुक्त पद्धतीने थोडा अधिक गुण आला. स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या २०० स्त्रियांवरील अमेरिकन प्रयोगात (२०१४) या पद्धतीने थकवा कमी झाला. या विषयावरील अभ्यासांचे २०२१ मध्ये झालेले अद्ययावत विश्लेषणही लहान ते मध्यम प्रमाणात अधिक लाभ दाखविते. धूम्रपान सोडविण्याबाबत मात्र कोक्रन संस्थेच्या २०१९ च्या समीक्षेस संमोहनाच्या परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा आढळला नाही. ‘एका बैठकीत व्यसनमुक्ती’ अशा जाहिराती या दृष्टीने वाचाव्यात. एकूण निष्कर्ष असा, की मुख्य गुण येतो तो बोधनिक वर्तनोपचाराने. संमोहन त्यात थोडी भर घालते व कल्पनेत सहज रमणाऱ्या रुग्णांस उपचार सुसह्य करते.

काही परिस्थितींत ही पद्धती वापरू नये. छिन्नमानस व इतर चित्तविकृतींत, जेथे भ्रम व आवाज ऐकू येणे ही लक्षणे असतात, तेथे संमोहनाने ती वाढण्याचा संभव असतो. उन्मादावस्था, मद्याच्या अंमलाखालील अवस्था व आत्महत्येचा तीव्र धोका यांतही आधी वैद्यकीय उपचार हवेत. संमोहन सुरू झाले म्हणून मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे आपल्या मताने बंद करणे घातक ठरते. चित्तविकृतीच्या रुग्णास संमोहनकाराकडे नेण्यात गेलेले महिने पुढे भरून निघत नाहीत.

दुसरा धोका स्मृतीसंबंधीचा आहे. संमोहनाने विसरलेल्या आठवणी जशाच्या तशा वर येतात, हा समज चुकीचा आहे. वर येते त्यात खरे, कल्पित व उपचारकाच्या प्रश्नांतून सुचविले गेलेले असे सर्व मिसळलेले असते आणि रुग्णास मात्र त्याविषयीची खात्री वाढलेली असते. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीने १९८५ मध्येच याविषयी इशारा दिला होता. अशा ‘आठवणीं’वरून नातेवाइकांवर आरोप होऊन कुटुंबे उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणे अमेरिकेत १९९० नंतर पुष्कळ घडली. पूर्वजन्माच्या आठवणी जागविण्याचे प्रकारही याच सदरात मोडतात. संमोहनयुक्त बोधनिक वर्तनोपचारास भूतकाळ उकरून काढण्याची गरज नसते. तो आजचे विचार व आजचे वर्तन यांवरच चालतो.

कोकणात ‘अवसर’ येण्याची किंवा अंगात येण्याची परंपरा जुनी आहे. त्या अवस्थेत व संमोहनावस्थेत अवधानाचे केंद्रीकरण व सूचनाक्षमता हे साम्य असले, तरी अवसरात व्यक्ती दैवताचे माध्यम होते आणि उत्तर देवाचे मानले जाते. संमोहनोपचारात उत्तर रुग्णानेच स्वतः नोंदवहीत लिहिलेले असते. हा भेद समजावून सांगितल्यास ग्रामीण रुग्णही ही पद्धती विनासायास स्वीकारतात; उलट परंपरेची टिंगल केल्यास ते परत येत नाहीत.

भारतात केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहनोपचारास उपचाराची एक रीत म्हणून मान्यता देताना तो योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनीच करावा, असे म्हटले आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, तर मनोविकारतज्ज्ञाची वैद्यक परिषदेकडे. उपचार घेण्यापूर्वी ही नोंदणी विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. रंगमंचावरील संमोहनाच्या प्रयोगांत किंवा काही दिवसांच्या वर्गात मिळालेले प्रमाणपत्र तिची जागा घेऊ शकत नाही. बैठकीच्या वेळी नातेवाईक शेजारच्या खोलीत असावा, अशी इच्छा रुग्ण व्यक्त करू शकतो आणि चांगला उपचारक तीस हरकत घेत नाही.

रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालय १८८६ मध्ये स्थापन झाले असून येरवडा, ठाणे व नागपूर येथील रुग्णालयांबरोबर ते राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. ‘वेड्यांचे इस्पितळ’ या जुन्या नावाची भीती अजूनही लोकांच्या मनात असल्यामुळे भयगंड, निद्रानाश यांसारख्या तक्रारींचे रुग्ण तेथील बाह्यरुग्ण विभागात जाण्यास कचरतात व आधी खाजगी संमोहनकाराचा पत्ता शोधतात. अशा रुग्णाने प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे व नंतरच संमोहनाची जोड हवी की नको, याचा निर्णय त्याच्या सल्ल्याने घ्यावा. घराबाहेर पडणेच ज्यांना अशक्य झाले आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तीवर मराठीतून बोलता येते.